शैलाने न पाहिलेला रुचिर

सकाळचे आठ वाजले की शैला लॅपटॉपचं तोंड माझ्या खुर्चीकडे वळवायची आणि स्वतः ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटायला उभी राहायची. अमेरिकेत त्या वेळी आदल्या दिवशीची संध्याकाळ असायची. दिवे लागलेलं मैदान, मधोमध मातीचा उंचवटा आणि त्या उंचवट्यावर तिचा रुचिर. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि रुचिर पिचर होता. तो चेंडू टाकायचा, मी बघायचे आणि शैला माझ्याकडे पाठ करून विचारायची, "काय झालं?"

"टाकला."

"अहो ताई, टाकला ते कळलं. पुढे?"

"समोरचा मुलगा बॅट फिरवता फिरवता स्वतःच गोल फिरला. लागला नाही चेंडू."

"मग चांगलंच की."

"चांगलंच असावं. टाळ्या वाजवतायत."

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. क्रिकेट कळायचं, तेही घरात चार पुरुषमाणसं ओरडायची म्हणून. पण इथे सिंगापूरला, हौगांगमध्ये, आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहतो, शैला आठव्या मजल्यावर आणि मी पाचव्या. तिचे यजमान हेमचंद्र जहाजावर इंजिनिअर, सहा-सहा महिने समुद्रावर असायचे. बोलवायला माझ्याशिवाय तिला होतं कोण? "नीलिमाताई, उद्या त्याचा नंबर आहे, याल ना?" असा निरोप आला की मी माझ्या घरची देवपूजा उरकून लिफ्टने वर जायचे.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पोरगा पडद्यावर खेळतोय आणि आई भिंतीकडे बघतेय. शैला म्हणायची, "मला नाही हो बघवत. छाती धडधडते." ब्लडप्रेशरची गोळी ती घ्यायचीच, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. खरं कारण आम्हाला फार उशिरा कळलं. ते मी इथे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचून शैलाला तुम्ही भलतंच काहीतरी समजाल. तसा समज एका माणसाने करून घेतला होता, आणि तेवढं पुरे झालं.

रुचिर माध्यमिक शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळायचा. बेसबॉलचाच तो धाकटा भाऊ. शाळेला शिकवायला मोरिता नावाचे एक जपानी सर यायचे. त्यांनी या पोराचा खांदा हेरला आणि शनिवारी-रविवारी जपानी मुलांबरोबर त्याला खरा बेसबॉल शिकवायला लागले. मग याला दुसरं काही सुचेना. घरात मोज्यांचे गोळे करून कॉरिडॉरच्या भिंतीवर मारायचा. शेजारचे लिम अंकल दार उघडून म्हणायचे, "बॉय, एव्हरी डे बोम बोम बोम, माय हार्ट ऑल्सो बोम!" आणि दार लावून घ्यायचे. त्यांचा राग तेवढाच.

एका सामन्याला शैला अगदी पुढे जाऊन बसली होती. रुचिर एकापाठोपाठ एक मुलं बाद करत होता. शैला शेजारच्या बाईला न राहवून म्हणाली, "काय सुंदर टाकतो ना माझा!" आणि पुढचाच चेंडू समोरच्या मुलाने असा सरळ परत हाणला की रुचिरची भुवई फुटली. डोळा वाचला तो नशिबाने. टाके घालून घरी आल्यावर तिने देवरुखला सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आईचीच दृष्ट सगळ्यात आधी लागते गं. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक. आणि तो खेळत असताना तू बघत जाऊ नकोस."

शैलाने मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. त्या ठसक्याने लिम अंकल खोकत खोकत दार वाजवायला आले. दृष्ट निघाली. पण शैला तेवढ्यावर थांबली नाही. देव्हाऱ्यातल्या कुलदेवीपुढे बसून तिने शब्द दिला, "तो खेळेल तोवर मी डोळे मिटते. तू उघडे ठेव." आणि नवस बोलून दाखवला की फळत नाही, असं तिच्या माहेरी मानतात. म्हणून तिने हे कुणालाच सांगितलं नाही. हेमचंद्रांना नाही, मला नाही, आणि ज्याच्यासाठी बोलली त्याला तर नाहीच.

मीही देवाधर्माची बाई आहे. पण देवी कुठल्या आईला पोराकडे बघू नकोस म्हणेल, हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

रुचिर मोठा झाला. इथे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेतलेल्यांच्या मुलांनाही दोन वर्षं सैन्यात जावं लागतं, तसा तोही गेला. कॅम्पमधून शनिवारी घरी आला की बूट काढायच्या आत त्याला मैदानावर जायचं असायचं. बाहेर पडता पडता विचारायचा, "आई, येतेस?"

"तू जा. मी भाजी आणायला जाते."

"नेहमी तुझी भाजी, लाह," असं इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडून म्हणायचा आणि निघून जायचा.

सैन्यातून सुटल्यावर मोरिता सरांच्या ओळखीने त्याला टेक्सासमधल्या एका कॉलेजात खेळाच्या जोरावर प्रवेश मिळाला. मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसाद घेता घेता एक गृहस्थ हेमचंद्रांना म्हणाले, "अहो, क्रिकेट तरी खेळायला सांगायचं होतंत. निदान आम्हाला कळलं तरी असतं जिंकला की हरला!" हेमचंद्र हसले. "मला तरी कुठे कळतं? त्याने फोनवर 'गुड' म्हटलं की मी पेढे आणतो."

कॉलेजात असतानाच एका मोठ्या संघाच्या माणसाने त्याला टाकताना पाहिलं आणि करार पुढे केला. शिक्षण अर्धं राहणार होतं. फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"आई, दे वाँट मी. पण आत्ता यायला हवं म्हणतात."

"अरे, एवढं थोडं राहिलंय. पदवी तर घे."

"ते थांबणार नाहीत, आई."

शैलाने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "बघ बाबा, तुझं तू."

आपण दिवसातून दहा वेळा असं म्हणतो. त्यात राग नसतो, काही नसतं. पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्या मुलाने ते शब्द जसेच्या तसे उचलून मनात ठेवले, हे आम्हाला पुढे कळलं.

तिकडची रीत अशी, की मोठ्या संघात कुणाला थेट घेत नाहीत. मोठ्या संघाच्या खाली धाकट्या संघांची उतरंड असते, एकाखाली एक. पोरांना सगळ्यात खाली ठेवतात. चांगला खेळला तर वरच्या संघात सरकवतात. वर सरकला की गाव नवं, खोली नवी, सोबती नवे. नाही जमलं तर एक दिवस कपाट रिकामं करून घरी. रुचिरने सुरुवात ॲरिझोनाच्या वाळवंटात केली. तिथे सामने भर उन्हात व्हायचे आणि बघायला कुणी नसायचं. "आई, ऑडियन्स म्हणजे दोन कोच आणि एक कुत्रा," असं तो सांगायचा. पोळीला पीनट बटर लावून गुंडाळून खायचा. पोळ्या तो बाजारातल्या मेक्सिकन घ्यायचा. शैला म्हणायची, "त्या मैद्याच्या असतात रे." तो म्हणायचा, "गोल आहेत, तुझ्यापेक्षा गोल."

पुढच्या वर्षी तो एक पायरी वर गेला. तिथले सामने इंटरनेटवर दिसायचे, आणि आमच्या सकाळी सुरू झाल्या.

आठवड्यातून एकदा त्याची पाळी असायची. रात्र रात्र बसने प्रवास करून ती मुलं एका गावाहून दुसऱ्या गावी जायची. गावं छोटी, मैदानाच्या कुंपणावर टायरवाल्यांच्या आणि दातांच्या डॉक्टरांच्या जाहिराती. बेसबॉलमध्ये कॅमेरा पिचरच्या मागे असतो, त्यामुळे मलाही त्याची पाठच दिसायची. पण पहिला चेंडू टाकायच्या आधी तो मागे वळून कॅमेऱ्याकडे बघायचा आणि टोपीच्या कडेला दोन बोटं लावायचा. त्याने आईला सांगून ठेवलं होतं, "ते तुझ्यासाठी."

शैला विचारायची, "लावली बोटं?"

"लावली."

मग ती कणकेच्या हातानेच डोळे पुसायची आणि नाकाला पीठ लागायचं. "कसा दिसतोय?"

"वाळलाय."

"तिकडे मेलं काही मिळत नाही. आणि दाढी?"

"वाढवलीय."

"शी! काढायला सांगते."

आणि सामना संपून त्याचा फोन आला की तो पहिलं हेच विचारायचा, "आई, पाहिलंस?" शैला म्हणायची, "पाहिलं रे. किती छान टाकलास." खोटं बोलायची, पण अगदीच खोटं नाही. माझ्या तोंडून ऐकलेलं ती त्याला सांगायची. तिसऱ्या वेळचा तो जाडा मुलगा कसा फसला, तू कसा पाय घसरून सावरलास. तो खूश व्हायचा. अजून एक पायरी वर गेला. आम्ही दोघींनी बाजारातून सोनचाफा आणून देवीला वाहिला.

मग एक दिवस माझी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ सकाळचीच आली. मी शैलाला सांगून गेले. दुपारी परत येताना बाजारातून तिच्यासाठी वांगी घेतली आणि द्यायला वर गेले, तर तेवढ्यात त्याचा फोन आला. फोन टेबलावर, आवाज मोठा करून ठेवलेला.

"आई, पाहिलंस?"

शैलाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मला काय माहीत!

"पाहिलं रे," ती म्हणाली.

"कसा टाकला?"

"छान. नेहमीसारखा. शेवटचे तर एकदम छान."

मग तो म्हणाला, "आई, इथे पाऊस होता. मॅच झालीच नाही."

"अरे, मला वाटलं मागच्या खेपेचं विचारतोयस."

"मागच्या खेपेचं तू मागच्या खेपेला सांगितलंस ना."

शैलाने फोनवर हात ठेवला, काढला. तोच म्हणाला, "इट्स ओके, लाह. जेवलीस का?"

"नाही अजून. वांगी आणलीत नीलिमाताईंनी."

"बरं. जेव."

पुढच्या आठवड्यात तो उंचवट्यावर आला, हातावर हात चोळले, आणि मागे न वळता सरळ चेंडू टाकला.

"लावली बोटं?" शैलाने विचारलं.

"आज नाही लावली."

"घाईत असेल."

त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. मग तिने विचारणं सोडलं. आणि त्यानेही फोनवर "पाहिलंस?" विचारणं सोडलं. फोन नियमित यायचे. हवा कशी आहे, बाबा कुठल्या बंदरात आहेत, लिम अंकलचा गुडघा कसा आहे. सगळं विचारायचा, फक्त खेळाचं सोडून. शैलाला वाटायचं, पोर मोठं झालं, कामावरचं घरी आणत नाही.

मोठ्या संघाच्या खाली दोनच पायऱ्या उरल्या होत्या तेव्हाची गोष्ट. हेमचंद्रांची जहाजावरची नोकरी संपून बंदराच्या ऑफिसात बदली झाली होती. त्यांनी रजा टाकली आणि दोघं अमेरिकेला गेले. जाताना शैलाने मेथीच्या वड्या, भाजणी, गूळपोळ्या इतकं काही घेतलं की विमानतळावर हेमचंद्रांना स्वतःचे शर्ट बॅगेतून काढून अंगावर चढवावे लागले.

तिथे काय झालं ते हेमचंद्रांनी मला सांगितलं, आणि राहिलेलं शैलाने.

रुचिरने त्यांना अगदी पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या मिळवून दिल्या होत्या. संघ जिथे बसतो तिथून चार हातांवर. सामना सुरू व्हायच्या आधी शैला म्हणाली, "मी जरा पाणी घेऊन येते," आणि गेली ती परत आलीच नाही. हेमचंद्रांना वाटलं, तिला बघवत नाही, बाहेर फिरत असेल. उठून शोधायला गेले असते तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसल्या असत्या. म्हणून ते बसून राहिले.

शैला मैदानाच्या मागे, सॉसेज विकणाऱ्या गाडीजवळच्या बाकावर बसली होती. मैदानाकडे पाठ, समोर मोटारी लावायची जागा. हातात जपाची माळ, ओढणीखाली. तिकिटं फाडणारी एक म्हातारी बाई येऊन म्हणाली, "आर यू लॉस्ट, हनी?"

"नो, नो. माय सन प्लेइंग."

"युवर सन? देन गो इन! ही इज डूइंग ग्रेट!"

"आय ॲम ओके हियर."

ती बाई थोड्या वेळाने पुन्हा आली, बहुतेक शैलाला बरं नाही असं वाटून, आणि एक थंड पेय हातात देऊन गेली. लाउडस्पीकरवर रुचिरचं नाव दर वेळी वेगळंच काहीतरी ऐकू यायचं. मागे लोक ओरडले की शैला डोळे मिटून माळ ओढायची. ओरडणं चांगल्यासाठी की वाईटासाठी, हे सांगायला त्या दिवशी मी नव्हते.

त्या संध्याकाळी रुचिरने जे टाकलं ते म्हणे त्याने आयुष्यात कधी टाकलं नव्हतं. हेमचंद्र सांगतात, "मला खेळातलं कळत नाही, पण आजूबाजूची माणसं उभी राहून माझ्याशी हात मिळवत होती." आणि तेच सांगतात, की प्रत्येक डाव संपल्यावर मैदानातून परत येताना पोरगा त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडे बघायचा. पहिल्या वेळी बघितलं, दुसऱ्या वेळी बघितलं. नंतर खाली बघत आला.

सामन्यानंतर तिघं जेवायला गेले. रुचिर म्हणाला, "बाबा, थँक्स फॉर कमिंग." मग आईकडे वळून म्हणाला, "तू दमली असशील."

शैलाने त्याच्या ताटात गूळपोळी वाढली. त्याने खाल्ली. डाव्या हाताने खाल्ली, हे तिला पुढे कितीतरी दिवसांनी आठवलं.

तो मोसम संपत आला असतानाची सकाळ. मी खुर्चीत, शैला ओट्याशी. रुचिरने एक चेंडू टाकला तो झेलणाऱ्याच्या डोक्यावरून पार मागच्या जाळीवर गेला. मग तो उजवा हात पोटाशी धरून उभा राहिला.

"काय झालं?" शैला म्हणाली.

"थांबलाय."

"कशाला थांबलाय?"

"हात धरलाय त्याने. लोक आलेत आतून."

"कुठला हात?"

"शैला, तूच बघ आता."

ती वळली नाही. तव्यावरची पोळी करपून धूर निघाला, ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून ती उभी होती, पण वळली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता, अगदी खरं सांगायचं तर. आई आहेस की कोण, असं तोंडापर्यंत आलं होतं. कारण ठाऊक नव्हतं ना.

कोपरात हाडं बांधून ठेवणारी दोरी असते, ती तुटली होती. मनगटाजवळची एक दोरी काढून तिथे बसवतात, तसं ऑपरेशन झालं. वर्षाहून जास्त काळ तो नुसता बरा होत होता. पुन्हा टाकायला लागला तेव्हा त्याला एक पायरी खाली पाठवलं. आम्ही पुन्हा सकाळी बसलो. चेंडू जायचा, पण आधी समोरची मुलं चकायची तशी आता चकत नव्हती. एवढं मलाही कळायला लागलं होतं. मग अजून एक पायरी खाली. आणि एक दिवस मॅनेजरने खोलीत बोलावून त्याचे आभार मानले. तिकडे काढून टाकताना आभार मानतात.

रुचिर दोन बॅगा घेऊन हौगांगला परत आला. महिनाभर तो खोलीतून बाहेर येत नव्हता. संकष्टीला शैलाने मला प्रसादाला बोलावलं होतं. मोदक होते. रुचिर टेबलाशी आला, मला "मावशी, कशी आहेस?" म्हणाला, आणि बसला. शैला त्याच्या पानावर तूप वाढता वाढता म्हणाली, "किती मोठ्या जागेपर्यंत गेलास. देवाने एवढं तरी दाखवलं."

"तुला कुठे दाखवलं?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तू कधी बघितलंच नाहीस, आई."

शैलाच्या हातात तुपाची वाटी तशीच राहिली. मी उठायला लागले तर तिने माझा हात धरून मला बसवलं. आणि सगळं सांगितलं. भुवई, देवरुखचा फोन, देवीला दिलेला शब्द.

रुचिर ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "दृष्ट? सीरियस आह, आई? दृष्टीसाठी?"

"हसू नकोस."

तो हसत नव्हता. "मला वाटलं तुला लाज वाटते. डिग्री सोडली म्हणून. तू म्हणाली होतीस, तुझं तू बघ."

"अरे, ते आपलं बोलण्यात येतं..."

"मला कसं कळणार?"

तो मोदकाच्या कळ्या बोटाने दाबत बसला. एकेक कळी सपाट करत होता. मग त्याने जे सांगितलं ते त्याला सांगायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण तोंडातून निघून गेलं. म्हणाला, "तुम्ही आला होतात ना, तेव्हा दुखायला लागलं होतं. आधीपासूनच. संघात कुणाला सांगितलं असतं तर लगेच बसवलं असतं. बाबांना सांगितलं तर बाबा लगेच फोन करतील कोचला. आय थॉट, आईला सांगू. सामना झाल्यावर. तू बघितलंस की तुला कळेलच, मग मी सांगेन. आणि तू म्हणशील ते करेन."

"मग का नाही सांगितलंस?"

"तू नव्हतीस तिथे."

त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, तो घाईने म्हणाला, "सांगूनही कदाचित तेच झालं असतं. कुणाला माहीत? एनीवे." आणि त्याने तो चेपलेला मोदक उचलून खाल्ला, तिला बरं वाटावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शैला माझ्याकडे खाली आली. बराच वेळ माझ्या देवापुढे बसली. मी चहा ठेवला. म्हणाली, "ताई, मी त्याला जपायला डोळे मिटले. आणि हाताचं दुखणं तो मलाच दाखवणार होता." देवीने डोळे उघडे ठेवलेच असतील, त्यात मला शंका नाही. पण पोराला आईचे हवे होते.

मी तिला म्हटलं, "अगं, जुने सामने अजून दिसतात इंटरनेटवर. तुम्ही गेला होतात तोही असेल. मी लावून देते, बस माझ्यासोबत."

"नको," ती म्हणाली. "आता बघून त्याला काय उपयोग? तेव्हाचं तेव्हाच बघायचं होतं." आणि चहा न घेताच उठली.

आता रुचिर इथेच आंग मो किओ भागात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत मालाची नोंद बघतो. राहिलेली पदवी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पुरी करतोय, तेही स्वतःहून, कुणी सांगितलं नाही. मोरिता सर आता जपानला परत गेलेत, त्यामुळे शनिवारी लहान मुलांना तोच शिकवतो. उजवा कोपर पूर्ण सरळ होत नाही. मुलांना तो खालून हळू चेंडू टाकतो, लहान मुलाला फुगा द्यावा तसा.

शैला दर शनिवारी जाते. ऊन असो, पाऊस असो, छत्री घेऊन दोन बस बदलून जाते आणि पायऱ्यांवर सगळ्यात पुढे बसते. पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "आई, इथे बघण्यासारखं काही नाही. घरी जा ना, उन्हात कशाला?" ती म्हणाली, "असू दे. जे आहे ते बघते." त्यानंतर तो काही म्हणाला नाही. परतताना दोघं एकाच बसने येतात. तो तिची छत्री धरतो, तिला बसायला जागा बघून देतो. मुलगा चांगला आहे, त्याबद्दल वादच नाही.

मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. तासभर शैलाने त्याच्यावरची नजर काढली नाही. पाणी पितानाही बाटलीच्या वरून बघत होती. रुचिर मुलांना उभं कसं राहायचं ते दाखवत होता, कुणाची टोपी सरळ करत होता, चेंडू गोळा करायला आमच्या अगदी समोरपर्यंत येत होता. पण एकदाही त्याने मान वर करून पायऱ्यांकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही हो, त्यात राग नव्हता. इतक्या वर्षांत त्याने मनाला वळण लावून घेतलं होतं, खेळताना तिकडे बघायचं नाही म्हणून. ते वळण काही जात नाही.

मी शैलाला हळूच म्हटलं, "हाक मार की. बघेल."

"नको," ती म्हणाली. "मी आहे ना बसलेली. बघेल कधीतरी."